मोगलाईतल्या भावजयीची स्तुती

माझं माहेर दोन देशांच्या हद्दीवर आहे, असं मी लग्न होऊन जळगावात आल्यावर मेहरूणच्या शेजारणींना सांगितलं, तेव्हा त्या तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांच्या मते देश बदलायचा म्हणजे बोटीत बसायचं आणि चार दिवस उलट्या करायच्या. आमच्याकडे लुगडं घोट्याच्या वर धरलं की देश बदलत असे. नदीच्या अलीकडे इंग्रज, पलीकडे निजामाची मोगलाई. इकडे कलदार रुपया, तिकडे हाली. इकडे कचेरीत मराठी, तिकडे उर्दू. इकडचं टपालाचं तिकीट तिकडच्या पेटीत टाकलं तर पोस्टमास्तर ते कौतुकानं पोरांना खेळायला देई. कोंबडा मात्र दोन्हीकडे मिळून एकच होता. तो आमच्या पाटलाच्या उकिरड्यावर आरवायचा आणि दोन्ही सरकारं उठायची.

पलीकडच्या काठावर करोडगिरीचा नाका होता. करोडगिरी म्हणजे तिकडची जकात. तिथला नाकेदार इतका कडक की, इकडची म्हैस तिकडे चरून परत निघाली तर तिच्या पोटातल्या गवतावर जकात मागायचा. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण ती म्हैस पाहिली आहे. गूळ, सुपारी, खणाचं कापड, काही म्हणून त्याच्या नजरेतून सुटायचं नाही. एकच माल त्याच्या डोक्यावरून बिनजकातीचा जायचा. आमच्या शिव्या.

आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, खानदेशातल्या साऱ्या सासुरवाशिणी माहेरी येतात. झाडाझाडाला झोके बांधतात, सांजोऱ्या होतात, आंब्याचा रस होतो, पुरुष पत्ते कुटत बसतात. मग गौराई बोळवायला बायका नदीवर जातात. गौराई पाण्यात सोडली की आमच्या गावच्या बायका या काठावर आणि पलीकडच्या गावच्या त्या काठावर उभ्या राहतात आणि एकमेकींना शिव्या देतात. भांडण नसतं हो. रीतच आहे ती. मोठमोठ्यानं, हातवारे करून, सूर लावून, ऊन उतरेपर्यंत द्यायच्या. त्या दिवशी पुरुषानं नदीकडे फिरकायचं नाही. फिरकला तर दोन्ही काठ एक होऊन त्याच्यावर तुटून पडत. त्या शिव्यांतूनच वर्षभराची बातमी कळे. कुणाची सून रुसून गेली, कुणाचा बैल मेला, कुणाच्या जावयानं नाटकवाल्यांच्या नादी लागून शेत विकायला काढलं. आणि शिवी न मिळालेली बाई घरी जाऊन रडायची, कारण तिचं कुणी नावच घेतलं नाही म्हणजे ती मेल्यात जमा.

आमच्या काठावर पहिला आवाज माझा. हे मी फुशारकीनं सांगत नाही, दोन सरकारांना विचारा. माझ्या एका शिवीनं पलीकडच्या चिंचेवरचे पोपट जे उठले, ते थेट एरंडोलला जाऊन बसले. एरंडोलकरांनी ते मोगलाईतले म्हणून लगेच ओळखले, कारण ते उर्दूत ओरडत होते.

सगळं बरं चाललं होतं. मग माझ्या भावाचं लग्न झालं. मुलगी पलीकडची, मोगलाईतली.

भावजय घरात आली ती केस घेऊन आली. केस म्हणजे काय! न्हाऊन अंगणात वाळवत बसली की शेजारची मांजर त्यात हरवायची. हात असा की खापरावरचे मांडे करायला बसली तर पुरणाचा गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत न्यायची, आणि उलट्या खापरावर टाकलेला मांडा इतका पातळ, की त्याच्या आडून पद्मालयाच्या देवळाचा कळस दिसावा. आमच्या गावातून तो कळस एरवीही दिसत नाही, हे लक्षात घ्या. मी मांडा करायला घेतला की तो कोपरापर्यंत पोचायच्या आत फाटायचा आणि पुरण माझ्या लुगड्यावर. आईनं मला तो हात शिकवायचा कंटाळा केला आणि हिला एका उन्हाळ्यात शिकवून टाकला. शिकवून टाकला म्हणजे दिला. आमच्या घराण्यात दागिने नव्हते, होता तो हा हात. तो मोगलाईत गेला.

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला मी जळगावहून माहेरी आले, आणि ती तिच्या माहेरी, म्हणजे नदीपलीकडे गेली. मला वाटलं, नवी पोर आहे, मागे उभी राहून लाजेल. मी काठावर पाय ठेवते न ठेवते तोच पलीकडून सणसणीत सूर आला:

"जळगाववाली उनी वं माय! पायमा वहाना, डोकामा हवा!"

माझ्या पायात नव्या वहाणा होत्या खऱ्या. त्यांच्या बायका हसल्या, ते ठीक. आमच्या बायकाही हसल्या. मी मागे वळून पाहिलं, तर आई हसत होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. माझ्या शिव्यांना आई इतकी कधी हसली नव्हती.

तेव्हापासून माझ्या पोटात जे जळायला लागलं, त्यावर आख्ख्या पाचोऱ्याचा स्वयंपाक झाला असता. दर आखाजीला आम्ही दोघी समोरासमोर. ती तिकडची पुढारीण, मी इकडची. दोन्ही गावांत पैजा लागायच्या, अक्का भारी की वहिनी भारी. सगळ्यांना मत होतं, बैलांनासुद्धा होतं. एकट्या आईला नव्हतं. मी विचारलं की म्हणायची, "दोन्ही चांगल्या बोल्यात." चांगल्या! मला तिच्या तोंडून एकदा, फक्त एकदा ऐकायचं होतं की माझ्या लेकीच्या जिभेला तोड नाही. बाकी केस घे, मांडे घे, चुलीजवळची जागा घे. जीभ तरी माझी म्हण.

अशात त्या वर्षी आमच्याकडे नवे मामलेदार आले. पुण्याकडचे, फार वाचलेले. त्यांच्या कानावर गेलं की त्यांच्या हद्दीतल्या बायका दरसाल परराज्याला जाहीर शिव्या देतात आणि परराज्य उत्तर देतं. त्यांना घाम फुटला. पलीकडचे तहसीलदार लखनौकडचे, शेरोशायरीचे शौकीन. दोघांच्या गाठीभेटी झाल्या, सरबतं झाली, आणि दोन राज्यांमध्ये सांस्कृतिक सलोखा वाढवायचा असं ठरलं. तो आमच्याकडून वाढवायचा.

मामलेदारांनी चावडीवर बायकांना बोलावलं. पाटीलबाबा मध्ये, आम्ही भिंतीला पाठ लावून.

"भगिनींनो," ते म्हणाले, "यंदा नदीवर शिव्या द्यायच्या नाहीत. दोन्ही गावांनी एकमेकांच्या उत्तम गोष्टींची प्रशंसा करायची. स्तुती. आम्ही दोघे अधिकारी स्वतः हजर राहू."

पाटलीणबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढून विचारलं, "रावसायेब, त्यांच्याकडं उत्तम गोष्ट नसंल तर?"

"असेलच की एखादी."

"आमी लहानपनापासून बघतो, नाही."

"मग शोधा," मामलेदार म्हणाले. "आणि पुरुष येणार नाहीत ही रीत यंदा बाजूला ठेवू. आम्ही येणार."

एक म्हातारी मागून म्हणाली, "शिव्या नही दिन्यात ते पाऊस कसा पडी?"

मामलेदारांनी पावसाचं शास्त्र समजावून सांगितलं. समुद्र, वाफ, वारा. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हां, पन आपला गावना पाऊस?"

शेवटी पाटीलबाबांनी मान डोलावली, कारण मामलेदारांपुढे ती आपोआप डोलायची. ठरलं असं की, आधी साध्या बायकांनी स्तुती करायची, मग प्रत्येक काठाच्या पुढारणीनं. म्हणजे भावजयीनं माझी आणि मी भावजयीची. मामलेदार म्हणाले, नणंद-भावजयीतला सलोखा म्हणजे दोन राज्यांच्या सलोख्याचं प्रतीकच. त्यांचं लग्न झालेलं होतं की नाही कुणास ठाऊक.

मी ती रात्र स्तुतीचा अभ्यास करत तळमळत काढली. सकाळी उठून बघते तो भावजय माहेरी निघालेली. आई तिच्या टोपलीत सांजोऱ्या भरत होती. मी आदल्या दिवशीच जळगावहून आले होते, आणि माझ्या तोंडात अजून एकही सांजोरी पडली नव्हती.

"माय, तिच्या माहेरी सांजोऱ्या होत नाहीत का?" मी विचारलं.

"होतीन ना," आई म्हणाली. "पन ह्या आपल्या शेतस." आणि आणखी दोन घातल्या.

भावजयीनं टोपली डोक्यावर घेतली आणि गोड हसून म्हणाली, "अक्का, आज मी तुमचं इतकं चांगलं बोलेन, की तुमची तुम्हालाच ओळख पटणार नाही."

"तू फक्त बोल," मी म्हणाले. "मी तर तुला आभाळात चढवीन आणि शिडी काढून घेईन."

ती हसत हसत नदी उतरून मोगलाईत गेली. मी आईकडे वळले.

"माय, आज सांगशील ना कोण भारी?"

"माले काय इचारस? नदीवर जाय आनि बोल. मी देखसू."

"नुसतं बघू नको. सांग."

आई टोपलीखालचे सांजोरीचे चुरे बोटानं टिपून खात राहिली.

नदीवर त्या दिवशी जी शोभा होती, ती पुन्हा होणे नाही. वैशाखातली नदी म्हणजे वाळूचं पात्र आणि मधून घोटाभर पाणी. त्या पाण्याच्या बरोबर मधोमध, ज्या जागी इंग्रज संपतो आणि निजाम सुरू होतो, तिथे मांडव घातला होता आणि दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. मामलेदारांच्या खुर्चीचे चारी पाय आमच्या हद्दीत, तहसीलदारांच्या खुर्चीचे त्यांच्या. दोघांच्या बुटांखालून पाणी वाहत होतं. तहसीलदारांना आमची बोली येत नव्हती, म्हणून एक मुन्शी मागे उभा राहून त्यांना सगळं सांगत होता.

पाटलीणबाईंनी सुरुवात केली. त्यांचा चेहरा काढा पिताना होतो तसा झाला होता.

"तुमच्या गावच्या इहिरीला," त्या ओरडल्या, "पानी लई चांगलं हाय!"

मामलेदारांनी टाळ्या वाजवल्या. मग तिकडून एक बाई किंचाळली, "थू थू थू! आमनी इहीरले नजर लावनी वं!" आणि दोन बायका लुगडी सावरत गावाकडे विहिरीवरून मीठ ओवाळायला पळाल्या.

मुन्शी तहसीलदारांना म्हणाला, "हुजूर, पानी की तारीफ हुई." तहसीलदार म्हणाले, "सुभानअल्ला."

आता चूक कुणाची ते बघा. आमच्याकडे तोंडावर कुणी कुणाचं चांगलं म्हणत नाही. बाळ गोंडस असलं तर म्हणतात, "काय बाई काळं ध्यान." म्हैस दुधाळ असली तर म्हणतात, "हाडंच दिसू राहिली." चांगलं म्हटलं की दृष्ट लागते, हे दूधपित्या पोरालाही ठाऊक. शिवी दिली तर माणूस वाढतो, स्तुती केली तर आजारी पडतो. हे दोन्ही सरकारांच्या लक्षात आलं नव्हतं. आमच्याही तोपर्यंत आलं नव्हतं. पण विहिरीवर धावणाऱ्या त्या दोघी बघितल्या आणि दोन्ही काठांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. इतकी वर्षं आपण शिव्यांवर घसा फोडत होतो, आणि खरं हत्यार हे होतं!

मग काय विचारता. "तुमच्या पाटलाची घोडी काय रुबाबदार!" इकडून गेलं. "तुमचा हरभरा काय ठसठशीत दाण्याचा!" तिकडून आलं. "तुमच्या अमकीची सून काय गोरी!" "तुमच्या तमकीचे पाचही पोरगे काय धट्टेकट्टे!" ज्या बाईचे पाच पोरगे होते तिनं तिथेच छाती बडवून घेतली. मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या घरोघरून येऊ लागल्या. काठाकाठानं पऱ्हाट्यांचे जाळ पेटले. ओवाळून टाकलेल्या मिरच्यांचा ठसका असा उठला, की मांडवातले दोन्ही अधिकारी खोकू लागले. डोळे पुसत मामलेदार म्हणाले, "पाहा, भावना किती अनावर झाल्या आहेत." तहसीलदारही रुमाल काढून म्हणाले, "बेशक, बेशक."

मग भावजय पुढे आली. हिरवं लुगडं, केसांचा अंबाडा, त्यावर मोगऱ्याचा गजरा. माझ्या आईनं दिलेलं लुगडं होतं ते.

"आमनी अक्का जळगावमा ऱ्हास," तिनं सूर लावला. "अक्काना घरले नळ शे! अक्काना नवरा तिले हाक मारस ते 'अहो' म्हणीसन मारस! अक्का माहेरले येस तवय मन्ही सासू दारमा उभी ऱ्हास, सकायपासून, जेवत नही, पानी पेत नही. मी सोळा पदार्थ करू, तरी ती म्हनस, मन्ही पोरनी गाडी उनी का देख."

माझ्या मागे बायका कुजबुजल्या. कुणीतरी माझ्या डोक्यावरून मीठ ओवाळलं. नळ आहे, नवरा बरा बोलतो, हे सगळं तिनं उघड्या आभाळाखाली मांडलं. आणि आई सकाळपासून दारात उभी राहते, हे मला माहीतच नव्हतं. ते तिला माहीत होतं, कारण ती त्या घरात असते. बघा, माझ्या आईचं माझ्यावरचं प्रेमसुद्धा मला तिच्याकडून कळावं! माझा जळफळाट उलट वाढला.

मी वहाणा काढून पाण्यात एक पाऊल टाकलं. निजामाच्या हद्दीत मी घुसले की काय हे बघायला नाकेदार उठून उभा राहिला.

मी शिव्यांना जो सूर लावायचे तोच लावला. नवा कुठून आणू?

"बायांनो, माझ्या भावजयीचे केस बघा! असे केस नदीकाठच्या देवीलाही नाहीत! तिचा हात बघा, मांडा करताना आभाळ लाटते की काय वाटतं! तिची चाल बघा, डोक्यावर घागरी ठेवून चालली तर पाणी झोपी जातं! ती आमच्या घरात आली तेव्हा माझी आई आजारी होती, हिच्या हातचं खाऊन ताठ झाली. माझ्या आईनं मला जन्म दिला, पण हिला घरच दिलं! ती हसली की आई हसते. ती जेवली की आई जेवते. माझ्या आईला लेक हवी होती तशीच ही आहे. मी तर नुसतीच झाले!"

खोटं एक अक्षर नव्हतं. म्हणूनच तो वार होता. मी आतापर्यंत दिलेल्या एकाही शिवीत इतकी धार नव्हती. मुन्शीचा आवाज आला, "हुजूर, भाभी की तारीफ हुई," आणि तहसीलदारांचा, "क्या कहने, क्या कहने."

आणि भावजयीनं कपाळाला हात लावला, एक पाऊल मागे गेली आणि वाळूत बसली. बसली ती आडवी झाली.

ऊन लागलं, असं नंतर भाऊ म्हणाला. सकाळपासून उपाशी होती, असं आणखी कुणी म्हणालं. लोक काहीही बोलतात. ऊन तर माझ्याही डोक्यावर होतं. ती माझी स्तुती होती. आजही कुणी ऊन म्हटलं की मी त्याच्याशी वाद घालते.

"नजर लागनी! नणंदनी नजर लागनी!" पलीकडून कल्लोळ उठला. माझ्या मागून कुणीतरी मला धडकून पुढे गेलं. आई. तिच्या ओंजळीत आमच्या काठावरचं मीठ आणि मिरच्या होत्या. लुगडं न उचलता, तशीच, मांडवातल्या दोन खुर्च्यांच्या मधून ती पाणी उडवत गेली. मामलेदारांचे कपडे भिजले. माझ्या आईनं सगळ्या आयुष्यात देश बदलला नव्हता. सुनेची मागणी घालायलाही भाऊबंदांनाच पाठवलं होतं. ती त्या दिवशी धावत मोगलाईत गेली.

नाकेदार आडवा आला. "मीठमिरची पार नेतेस, बाई. करोडगिरी लागेल."

"सरक बाजूले," आई म्हणाली, "नही ते तुन्हीबी स्तुती करसू."

नाकेदार उडी मारून बाजूला झाला.

आईनं भावजयीचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्यावरून मीठमिरच्या ओवाळल्या, जाळात टाकल्या. ठसका उठला, सगळ्या बायका खोकल्या, भावजयीनं डोळे उघडले नाहीत. आईनं पुन्हा ओवाळलं. मी या काठावर एकटी, पाण्यात एक पाय, दुसरा वाळूत. आईनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नव्हतं. माझी दृष्ट आईनं नको काढायला? माझीही स्तुती झाली होती की!

मग आईनं मान वर केली आणि नदीपलीकडून मला हाक मारली.

"पोरी! बोल ना!"

"काय बोलू?" मी ओरडले.

"गाया दे तिले! हाई नजर साधीसुधी नही. मीठमिर्चीले ती काय बधते? तुन्हा तोंडनी लागनी, तुन्हाच तोंडनी उतरी. तुन्हासारखी जीभ ना इंग्रजीमा शे, ना मोगलाईमा. दे!"

इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी मी जीव टाकला होता ते वाक्य हे. दोन्ही गावांदेखत, दोन्ही सरकारांदेखत. आणि ते म्हणताना आईचा हात भावजयीच्या केसांवरून फिरत होता.

मी शिव्या दिल्या. काय दिल्या म्हणून सांगू! तिच्या केसांना पारंब्या म्हटलं, मांड्यांना गोणपाट, चालीला पखालीचा रेडा. तिच्या गावच्या विहिरीपासून तहसीलदारांच्या दाढीपर्यंत काही सोडलं नाही. मुन्शी म्हणाला, "हुजूर, तारीफ जारी है." चौथ्या-पाचव्या शिवीला भावजयीची पापणी हलली. पखालीच्या रेड्याला ती उठून बसली, आणि आईच्या मांडीला टेकून घोगऱ्या आवाजात तिनं मला पहिली शिवी हासडली. तिच्या बायकांनी आरोळी ठोकली. माझ्या बायकांनी पदर खोचले. मग जी जुंपली, ती दिवे लागेपर्यंत. मामलेदार आणि तहसीलदार एकमेकांना मिठी मारून केव्हाच गेले होते. सोहळा फार यशस्वी झाला, असं दोघांनी आपापल्या वरिष्ठांना कळवलं म्हणे. पुढच्या वर्षी दोघांचीही बदली झाली. आम्ही पुन्हा आमच्या रीतीनं सलोखा वाढवायला मोकळ्या झालो.

सगळं संपल्यावर मी आईची वाट पाहत काठावर बसले. आई आली नाही. भावजयीच्या आईनं निरोप पाठवला, विहीणबाई इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या उंबऱ्यात आल्या आहेत, आखाजी संपेपर्यंत सोडणार नाही. तिकडे माझ्या आईला पाट मांडला गेला, रस वाढला गेला, तिच्या पायांना भावजयीनं तेल लावलं. हे मला कुणी सांगितलं नाही, पण मला दिसत होतं.

म्हणजे मी जळगावहून गाडी, बैलगाडी करून माहेरी आले, आणि माझं माहेर मोगलाईत पाहुणचार घेत बसलं! घरात मी आणि भाऊ. दुसऱ्या दिवशी मी सणाचं म्हणून मांडे करायला घेतले. पहिला फाटला. दुसरा फाटला. तिसरा मी फाटायच्या आतच खापरावर आपटला, तो जाडजूड भाकरीसारखा झाला.

भावानं एक घास घेतला, बराच वेळ चावला आणि म्हणाला, "अक्का, तुम्ही शिव्या फार छान देता."

मी त्याला दिल्या. मग म्हटलं, जाऊ दे, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी करते. सगळा ओटा धुंडाळला, फडताळ उपसलं, कळण्याचं पीठ सापडेना. आईच्या घरातली मडकी मला पाठ होती. आता ती सगळी दुसऱ्याच क्रमानं लावलेली. शेवटी मी पदर खोचून नदीवर गेले. पलीकडच्या काठावर बायका कपडे धूत होत्या, आई दिसत नव्हती. मी हात तोंडाभोवती धरून हाक मारली.

"माय! कळण्याचं पीठ कुठं ठेवलंय?"

कपडे धुणाऱ्या बायकांमधून भावजय उभी राहिली. ओले केस मागे टाकले. माझ्याकडे बघून हसली.

"अक्का," तिनं मोगलाईतून सांगितलं, "उतरंडीमा, खालथून दुसरं मडकं. झाकण घट शे, जोर लावजा."

मी घरी जाऊन उतरंडीतलं खालून दुसरं मडकं काढलं. झाकण खरंच घट्ट होतं.